एकही शब्द न चुकता

जि. प. शाळा, खैरवाडी, ता. म्हसळा
६ जुलै २०२५

प्रिय रश्मी,

सप्रेम जयभीम.

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर तुझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "रुचिता काय म्हणते?" आणि रुचिता तेव्हा माझ्या मांडीला मांडी लावून बसलेली असते. तिच्यासमोर तिच्याबद्दल काय सांगणार? शिवाय दर वर्षी चौथीच्या मुलांना पत्रलेखन शिकवणारी मी, गेल्या दहा वर्षांत रजेचे अर्ज सोडून कुणाला दोन ओळी लिहिल्या नाहीत. ती कसरही थोडी भरून काढते.

तुला अलिबागला सरकारी नोकरी लागली तेव्हा मीच म्हटलं होतं, एका खोलीत पोरीची आबाळ कशाला, अजित तिकडे गुजरातेत दहेजच्या कंपनीत, तू दिवसभर ऑफिसात, तिला आत्याकडे राहू दे. त्यामुळे तिचं बरंवाईट तुला सांगणं माझं काम आहे. तर सांगते. रुचिताचं वर्गात लक्ष नाही.

शाळा उघडून तीन आठवडे झाले. श्रुतलेखनात दहापैकी दोन. गेल्या वर्षी हिच्या वहीत लाल पेन टेकवायला मला जागा सापडायची नाही. "वही काढा, सतरावं पान उघडा, तिसरा प्रश्न सोडवा," असं सांगितलं की ही वही काढते आणि शेजारणीच्या वहीत बघत बसते. हाक मारली तर तिसऱ्या हाकेला वळते, तेही मीच तिला छळतेय असा चेहरा करून. परवा सगळे पाढे म्हणत होते तर बाईसाहेब दोन्ही कानांवर हात ठेवून बसल्या. वर्ग हसला. माझं डोकं फिरलं.

आमची शाळा तुला ठाऊक आहे. एकच लांब हॉल, वर पत्रा. त्या टोकाला दीपेश सरांची पहिली-दुसरी, या टोकाला माझी तिसरी-चौथी. ज्याचं लक्ष नसतं त्याला आम्ही मधोमध बसवतो, दोन्ही वर्गांच्या सीमेवर, म्हणजे तो दोघांच्याही नजरेखाली राहतो. पंधरा वर्षांची पद्धत आहे आणि भल्याभल्यांना तिने सरळ केलंय. सोमवारपासून रुचिता तिथे बसेल. भाची म्हणून सूट दिली असं कोणी म्हणायला नको.

काळजीचं कारण नाही. हुशारी कुठे जात नाही. चौदा एप्रिलला तिने साडेसहा मिनिटं भाषण केलं, एकही शब्द न चुकता. तू पहिल्या रांगेत बसून मोबाईलवर काढलंस. टाळ्या पडल्या तेव्हा लाजून पळाली तेवढीच. अशी मुलगी तीन महिन्यांत मठ्ठ होत नसते. लाडावलीय, एवढंच.

एसटीच्या ड्रायव्हरकडे सुकट पाठवलीय, स्टँडवरून घे.

तुझी,
जयाताई

* * *

अलिबाग
१५ जुलै २०२५

ती. जयाताईंस,

सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं. अख्ख्या टेबलाने विचारलं, कोणाचं? हल्ली पत्र कोण लिहितं? मी म्हटलं, आमच्या नणंदबाई मुख्याध्यापिका आहेत, त्या फोनवरसुद्धा समास सोडून बोलतात.

शनिवारी आले आणि तुमच्याशी नीट न बोलता तिला घेऊन माणगावला गेले, त्याचा राग धरू नका. रात्रभर एकच घोळत होतं, कान तर गेले नसतील? तिथल्या कानाच्या डॉक्टरांनी तिला काचेच्या बंद खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं. आवाज आला की हात वर करायचा. एकही चुकला नाही. अगदी बारीक आवाजालासुद्धा हात वर. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत.

त्यांनी सगळं विचारलं. ताप येऊन गेला का, कानातून पाणी येतं का, कधी पडली होती का, डोक्याला मार? मी ठामपणे नाही म्हटलं. त्यांनी रुचितालाही विचारलं, तिनेही मान हलवली. मग म्हणाले, लक्ष देण्याचा प्रश्न दिसतो, घरातून शिस्त लावा.

कान चांगले आहेत म्हटल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. झाला उलटा संताप. माणगाव स्टँडवर तिला म्हटलं, पाण्याची बाटली आण, उरलेले पैसे नीट परत घे आणि खिडकीवर म्हसळ्याची गाडी कधी आहे ते विचारून ये. गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. न बाटली, न गाडीची वेळ. नुसती उभी. वर भोंग्यावर गाड्यांची नावं पुकारत होते, माणसं ढकलत होती, आणि ही माझ्या तोंडाकडे बघतेय. मी तिला तिथेच दोन लगावल्या, ताई. सगळ्या स्टँडसमोर. रडली नाही. कानांवर हात ठेवले फक्त.

तुमच्याकडे सोडताना काही बोलले नाही, लाज वाटत होती. तुम्ही शिक्षिका आहात. मुलांचं नाटक तुम्हाला आमच्याहून लवकर कळतं. काय करायचं ते तुम्हीच सांगा.

तुमची,
रश्मी

* * *

खैरवाडी
२७ जुलै २०२५

प्रिय रश्मी,

सप्रेम जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. कान चांगले आहेत हे उत्तम झालं. पडली होती का वगैरे डॉक्टर विचारतातच, त्यांच्या छापील कागदावर ते असतं. ते मनावर घेऊ नकोस.

मारलंस ते मला आवडलं नाही, पण मी तरी कुठे साधू आहे? मीही दोनदा पट्टी उगारली.

घरी तिचं काय चालतं ते ऐक. संध्याकाळी स्वयंपाकघरात आम्ही दोघीच असलो की अगदी पूर्वीची रुचिता. तांदूळ निवडता निवडता पन्नास प्रश्न. पण मिक्सर लावला की उठून परसात जाते. शेजारच्या केसरकाकू आणि त्यांच्या सुना आल्या, चौघी एकदम बोलायला लागल्या, की ही पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसते. शाळेतून आली की दप्तरासकट झोपते. डोकं दुखतं म्हणते. मे महिन्यात म्हणायची तेव्हा आपण ऊन लागलं म्हणालो होतो.

आणि गंमत सांगू? मंगळवारी खाडीचं पाणी रस्त्यावर आलं. दीपेश सर पोचलेच नाहीत, मुलं सहाच आली, तीही अकराला सोडून दिली. राहिलो मी आणि रुचिता. पाऊसही थांबला होता. म्हटलं, चल, श्रुतलेखन घेऊ. दहापैकी दहा! जोडाक्षरंसुद्धा अचूक. मी शाबासकी द्यायची सोडून तिच्यावर ओरडले. म्हणजे येतं सगळं, फक्त चारचौघांत करायचं नाही! ती म्हणाली, "आत्या, आज शाळा बरी होती." मी विचारलं, बरी म्हणजे? तर खांदे उडवले.

बुधवारी पुन्हा मधल्या जागेवर, पुन्हा दहापैकी एक. आता तूच सांग, हे नाटक नाही तर काय?

रश्मी, एक गोष्ट मला तुला... जाऊ दे. तू आलीस की बोलू.

तुझी,
जयाताई

* * *

अलिबाग
१२ ऑगस्ट २०२५

ती. जयाताईंस,

सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र अजितना फोनवर वाचून दाखवलं. दहापैकी दहा आणि दुसऱ्या दिवशी एक, हे ऐकून तेही चिडले. म्हणाले, पोरगी आपल्याला खेळवतेय.

आम्ही ठरवलंय. पुण्याच्या अलीकडे मुलींची एक निवासी शाळा आहे. आमच्या ऑफिसातल्या मृणालची पुतणी तिथे आहे. घरात कुणाचं ऐकायची नाही, आता सकाळी पाचला उठून स्वतःचे कपडे धुते. एका दालनात साठ मुली, जेवण, अभ्यास, प्रार्थना सगळं एकत्र, घंटेवर. चौथीत एक जागा रिकामी झालीय. एक सप्टेंबरपर्यंत कागद दिले तर घेतात.

मला हौस नाही, ताई. पण तुमच्यासारखी शिक्षिका हात टेकते म्हटल्यावर मी एकटी काय करणार? तुम्ही तिला कमी केलं असं कुणी म्हणणार नाही. तुम्ही जेवढं केलंत तेवढं मी आई असून केलं नाही. त्या भाषणाचंच बघा. मी फोनवर म्हटलं होतं, टेबलावर वगैरे चढवू नका, लहान आहे, पडेल. तुम्ही हसला होतात. आणि तिने सगळ्या वाडीला गप्प केलं. तो व्हिडिओ मी अजून लोकांना दाखवते.

तर शाळा सोडल्याचा दाखला तेवढा तयार ठेवा. एकतीसला रविवार आहे, मी येऊन दोन्ही घेऊन जाईन, दाखलाही आणि तिलाही. तिला अजून सांगू नका.

तुमची,
रश्मी

* * *

खैरवाडी
२१ ऑगस्ट २०२५

रश्मी,

जयभीम.

दाखल्याचं पुस्तक समोर उघडून बसलेय. नाव, आईचं नाव, जन्मतारीख भरून झालं. मग येतो रकाना, शाळा सोडण्याचे कारण. चार दिवस तिथेच अडकलेय. कारण मी आहे. ते तिथे लिहिता येत नाही, म्हणून तुला लिहिते.

रुचिता पडली होती.

चौदा एप्रिलला, संध्याकाळी पाचच्या सुमारास, तुझी एसटी म्हसळ्याला पोचायच्या आधी. विहारापुढे स्टेज बांधून झालं होतं. पोर बुटकी, माईकमागे दिसेना. तू नको म्हणाली होतीस तरी मी शाळेतलं टेबल आणवून स्टेजवर ठेवलं. मला वाटलं, माझ्या भाचीला मागच्या रांगेतल्यांनीही बघायला हवं. खरं सांगायचं तर, मी तयार केलेल्या मुलीला बघायला हवं. तालीम घेत होतो. शेवटी दोन पावलं मागे घ्यायची आणि बाबासाहेबांच्या तसबिरीकडे वळून वंदन करायचं, हे मीच शिकवलं होतं, शाळेच्या जमिनीवर. तिने शिकवल्याप्रमाणे दोन पावलं मागे घेतली. दुसऱ्या पावलाला टेबल संपलं.

मागच्या पायरीच्या चिऱ्यावर डोकं आपटलं. रक्त नाही आलं. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे बघत नव्हती. किती वेळ ते आता सांगता येत नाही. महिपतकाका मंडपाचे दोर बांधत होते, ते धावत आले. ती उठून बसली तेव्हा म्हणाले, "कायपण झाला न्हाय बाय, उटली बग पोर." मलाही तेच ऐकायचं होतं. विहारामागे नेलं तर उलटी झाली. मी तोंड धुतलं, शहाळं पाजलं, वेणी पुन्हा घातली. आणि तिला म्हटलं, आईला सांगायचं नाही हं. कुणालाच सांगायचं नाही. आपल्या दोघींचं गुपित.

तू यायला अर्धा तास होता. तू बरोबर होतीस आणि मी चुकले होते, हे तुला कळू नये, एवढंच माझ्या मनात होतं. त्याहून मोठं कारण असतं तर लिहिताना बरं वाटलं असतं.

सात वाजता तिने भाषण केलं, एकही शब्द न चुकता. मला वाटलं, सुटले. ज्या डोक्याला मार लागलाय ते साडेसहा मिनिटं पाठ म्हणेल का? त्या भाषणावर मी चार महिने विसंबून राहिले. त्यानंतर मिरवणुकीत मोठ्या स्पीकरच्या गाडीमागे तासभर चालवलंही तिला.

परवा शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं होतं. त्यातल्या डॉक्टर मॅडमना मी एका दुसऱ्याच मुलीची गोष्ट म्हणून सगळं सांगितलं. एवढं होऊनही खोटंच बोलले बघ. त्या म्हणाल्या, डोक्याला हिसका बसला की काही मुलांचं असं होतं. कान आवाज पकडतात, पण गोंगाटातून एकाचं बोलणं वेगळं काढताना डोकं थकतं. एकामागून एक तीन गोष्टी सांगितल्या तर दुसरी-तिसरी निसटते. मोठे आवाज टोचतात. शांत खोलीत सगळं बरोबर येतं, म्हणून लोकांना ते नाटक वाटतं. मी विचारलं, पण मॅडम, ती पडल्यावर दोन तासांत भाषण करते, एक शब्द चुकत नाही, ते कसं? तर म्हणाल्या, "बाई, भाषण आधीच पाठ होतं. समोरचं तिला काय ऐकू येत होतं ते कुणी विचारलं का?"

त्या गेल्यावर मी हॉलमध्ये मधल्या जागेवर जाऊन बसले. वर्ग चालू होते. पाठीमागे दीपेश सरांची बाराखडी, पुढे माझ्या मुलांची कुजबूज, वर पत्र्यावर पाऊस. दहा मिनिटांत माझं डोकं भणभणलं. सात आठवडे मी तिला तिथे बसवलं. अख्ख्या शाळेत त्याहून वाईट जागा नव्हती, आणि मी ती तिच्यासाठी निवडली.

तिला त्या निवासी शाळेत पाठवू नकोस. साठ मुलींच्या दालनात तर मुळीच नाही. ती खेळवत नाहीये कुणाला. वाशीला चांगल्या हॉस्पिटलात घेऊन जा आणि डॉक्टरांना सांग, पडली होती, चौदा एप्रिलला, डोक्याच्या मागच्या बाजूवर. तारीख, वेळ, उलटी, सगळं सांग. हे माझ्या हातचं पत्रच दाखव.

तू तिला नेशील हे मला कळतं. नेलंच पाहिजेस. दाखल्यातला तो रकाना कोरा ठेवलाय, तू सांगशील ते कारण लिहीन.

जयाताई

* * *

अलिबाग
२३ सप्टेंबर २०२५

जयाताई,

तुम्ही पत्र पाठवलंत आणि त्याच आठवड्यात मी रुचिताला घेऊन गेले, तेव्हा उंबऱ्यावर तुम्ही काही बोलायला आला होतात. मी थांबले नाही. थांबले असते तर जे बोलले असते ते पुन्हा मागे घेता आलं नसतं.

वाशीला तीन फेऱ्या झाल्या. डोक्याचा फोटो ठीक आला. मग श्रवणतज्ज्ञ मॅडमनी वेगळी तपासणी केली. आधी शांततेत दहा वाक्यं ऐकवली, तिने दहाही परत म्हणून दाखवली. मग तीच तपासणी, मागे बाजारासारखा गलबला लावून. तीन आली. सातव्या वाक्याला तिने यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाली, आई, बंद करायला सांग ना. मी बाहेर जाऊन रडले. माणगावच्या स्टँडवर हाच गलबला होता आणि मी तिला मारलं होतं.

मॅडम म्हणतात, बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात, काहींना वेळ लागतो. पडल्यावर आधी विश्रांती मिळाली असती, आवाज कमी ठेवला असता, ताण दिला नसता, तर कदाचित इतकं लांबलं नसतं. कदाचित म्हणाल्या, नक्की नाही. आता सराव द्यायचा, हळूहळू. वर्गात पुढे बसवायचं, एका वेळी एकच सूचना, शक्य तिथे लिहून. मधून मधून शांत जागी विसावा. किती परत येईल ते आज सांगता येत नाही म्हणाल्या.

त्यांनी तिला विचारलं, पडलीस तेव्हाचं काही आठवतं का? ती गप्प. दोनदा विचारलं, तरी गप्प. मॅडम म्हणाल्या, आठवत नसेल, मार लागतो तेव्हाचं पुसलं जातं कधीकधी. तेवढं तरी बरं, असं मला वाटलं.

टेबलाचा राग नाही मला. मुलं पडतात, माझ्या हातूनही पडली असती. उलटी लपवलीत त्याचा आहे. माणगावच्या डॉक्टरांपुढे मी छातीठोकपणे नाही म्हटलं, कारण तसं काही झालं असतं तर जयाताईंनी सांगितलं असतंच, याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. त्यानंतरही तुमच्या दोन संधी गेल्या. पाच आठवडे मी तिला रोज शिस्त लावत होते, फोनवरून, ओरडून ओरडून. तिला त्यातलं अर्धंच कळत असेल आणि तेही सगळं रागाचं.

तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. टाळ्या सुरू होतात तशी ती दचकते, कानांवर हात घेते आणि पळते. आपण सगळे हसलोय त्यात. माझा आवाज सगळ्यात मोठा आहे.

ती आता माझ्याजवळच राहील. दाखला पाठवा. कारण, आईच्या नोकरीच्या गावी. तुमचं पत्र तिला दाखवलेलं नाही. ती पडली होती हे मला कळलंय, एवढंच सांगितलंय.

रश्मी

* * *

खैरवाडी
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय रश्मी,

जयभीम.

सोबत दाखला. प्रगती या रकान्यात चांगली लिहिलंय, वर्तणूक यात उत्तम. चौतीस वर्षांच्या नोकरीत इतक्या खात्रीने एकही दाखला भरला नव्हता.

नव्या बाईंसाठी वेगळा कागद जोडलाय. रुचिताला पुढे, भिंतीकडे बसवावं, खिडकीकडे नको, रस्त्याचा आवाज येतो. हाक मारण्याआधी तिच्या समोर यावं. गृहपाठ फळ्यावर लिहावा. श्रुतलेखन मधल्या सुट्टीत, एकटीचं घ्यावं. आणि एक, ती शेजारणीच्या वहीत बघत असेल तर ती चोरी नसते, सूचना शोधत असते. हे मला कुणी आधी लिहून दिलं असतं तर, असं म्हणणार होते. पण मला लिहून द्यायची गरज नव्हती. मला सगळं माहीत होतं.

मधली जागा मी बंद केली. तिथे आता माझं टेबल आहे, तेच स्टेजवर नेलेलं. मुलं भिंतीकडे गेली, गलबल्यात मी बसते. बसल्या बसल्या मागची पंधरा वर्षं आठवतात. तिथे भिकू बसायचा, दोन वर्षं. चौथीनंतर शाळा सोडून होडीवर गेला. मी त्याच्या दाखल्यावर लिहिलं होतं, लक्ष नाही. त्याला काय होत होतं ते आता कुठे जाऊन विचारू?

माफ कर असं लिहिणार नाही. तसं लिहिलं की उत्तर द्यायची जबाबदारी तुझ्यावर पडते, आणि तुझ्यावर आधीच पुष्कळ आहे.

संध्याकाळी तांदूळ निवडायला बसते तेव्हा स्वयंपाकघर फार शांत असतं. तिला कधी वाटलं तर दोन ओळी लिहू दे. नाही वाटलं तर राहू दे.

तुझी,
जयाताई

* * *

अलिबाग
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

जयभीम.

पत्रात आधी गाव आणि तारीख लिहायची हे मला आठवलं. आई म्हणाली तुला वाटत असेल तर लिही, म्हणून लिहिते.

माझी नवीन शाळा मोठी आहे. मी पहिल्या बाकावर भिंतीकडे बसते. आमच्या बाई गृहपाठ फळ्यावर लिहितात. माझी मैत्रीण राही आहे. ती मला सगळं हळू सांगते आणि एकदा नाही कळलं तर वहीत लिहून दाखवते. मधल्या सुट्टीत मी वाचनालयात बसते. तिथे पंखा आहे पण तो आवाज करत नाही.

आई मला आता मारत नाही. आधी समोर येऊन बसते मग बोलते. एकदा ती माझ्या कानाला हात लावून रडली. मी म्हटलं कान दुखत नाही तर जास्तच रडली.

समुद्रावर आम्ही सकाळी जातो, तेव्हा घोडागाड्या नसतात. समुद्राचा आवाज मला चालतो. माणसं सगळी एकदम बोलली की चालत नाही. वाशीच्या मॅडम मला कानाला यंत्र लावून खेळ देतात. आधी दहात तीन यायचे. आता पाच येतात. मॅडम म्हणाल्या अजून येतील. सगळे येतील का ते त्या सांगत नाहीत.

त्या दिवशी भाषणात मला माझा आवाज लांबून येत होता. मी फक्त पाठ केलेलं म्हणत गेले. मग सगळे एकदम ओरडायला लागले. मला वाटलं माझं चुकलं म्हणून ओरडतात. त्या टाळ्या होत्या हे मला आईच्या मोबाईलवर कळलं.

आता एक विचारायचं आहे. वाशीच्या मॅडम मला नेहमी विचारतात, रुचिता, तू कशी पडलीस ते आठवतं का? त्यांना वाटतं मी विसरले. मला सगळं आठवतं. टेबल पण आणि उलटी पण, आणि तू माझी वेणी परत घातलीस ती पण. पण तू कुणालाच सांगायचं नाही म्हणाली होतीस. म्हणून माणगावच्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. आईने मारलं तेव्हा पण नाही सांगितलं. आता आईला माहीत आहे, पण मी सांगितलेलं नाही, शप्पथ.

मॅडम परवा पुन्हा विचारणार आहेत. सांगू का?

उत्तर पत्राने पाठव. फोनवर मला नीट कळत नाही.

तुझी,
रुचिता